सातवीत शिकणारा फोन

आमच्या ह्यांनासुद्धा हे माहीत नाही. आणि ह्यांना माझं काय माहीत नसतं हो? माझी कोणती दाढ दुखते, भावजयीशी मी कधीपासून आणि का धड बोलत नाही, मंडईतल्या कुठल्या भाजीवालीशी माझं वाकडं आहे — सगळं पाठ आहे त्यांना. फक्त ही एक गोष्ट नाही. बहिणीला नाही, स्टाफरूममधल्या मैत्रिणींना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय मग? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — खरं सांगू? — जिला सांगायला हवं तिच्यासमोर माझी जीभ उचलत नाही म्हणून.

कबुली द्यायला बसलेय आणि ओठावर पहिलं वाक्य येतंय ते ‘मी काही वाईट शिक्षिका नाही’ हे. बघा म्हणजे. अजून गुन्हा सांगितला नाही आणि बचाव तयार. पण राहू दे ते वाक्य तसंच. मी अशीच आहे, तुम्हालाही कळलेलं बरं.

मी भूगोल आणि विज्ञान शिकवते. राहते मंडईच्या मागे, शाळा शहराच्या टोकाला, मांजरी गावात. म्हणजे रोज सकाळी स्कूटरवरून अख्खं शहर ओलांडायचं, आणि वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवायचे. आमच्या शाळेच्या एका अंगाला अजून ऊस उभा आहे, दुसऱ्या अंगाला नव्या सोसायट्या. त्यामुळे एकाच बाकावर आयटीतल्या आईवडिलांची मुलगी असते, आणि तिच्या शेजारी तो मुलगा, ज्याच्या आजोबांच्या रानात तिची सोसायटी बांधली आहे. दोघं एकाच डब्यात जेवतात आणि एकाच गणितावर अडतात. मला हे फार आवडतं. पेठेतली बदली मागायची संधी मला एकदा आली होती, मी मागितली नाही.

तर एका वर्षी आमच्या संस्थेने फर्मान काढलं. मुलांनी आठवड्यातून एक दिवस शाळेत आपापलं उपकरण आणायचं — फोन, टॅब, लॅपटॉप, जे असेल ते — आणि त्यावर शिकायचं. दिवस ठरला बुधवार. मुलं त्याला ‘डिव्हाइस डे’ म्हणायला लागली. मीटिंगमध्ये मी कडाडून विरोध केला. म्हटलं, जी वस्तू खिशात सापडली म्हणून परवापर्यंत आपण पोरांना वर्गाबाहेर उभं करत होतो, ती आणली नाही म्हणून आता उभं करायचं का? सगळे हसले. आमचे मुख्याध्यापक सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी ती सगळी योजना माझ्याच गळ्यात घातली. आमच्याकडे विरोध करणाऱ्याला कुणी ओरडत नाही, त्याला समितीचं अध्यक्ष करतात.

आणि मग — हसू नका — मी त्या बुधवारांच्या प्रेमातच पडले. तुम्ही कधी सातवीच्या वर्गाला फोनमधलं होकायंत्र देऊन मैदानात सोडलंय का? पन्नास पोरं, सगळी गोल गोल फिरतायत, आणि प्रत्येकाची खात्री की आपलीच उत्तर दिशा खरी. पाखरांचे आवाज रेकॉर्ड करून आणा म्हटलं तर एकाने आजोबांचं घोरणं आणलं आणि शेवटपर्यंत घुबड आहे म्हणून भांडला. मी रागावायचे, पाठ फिरवायचे आणि फळ्याकडे तोंड करून हसायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढी कधी हसले नव्हते.

फक्त एक गोष्ट त्या फर्मानात कुणी लिहिली नव्हती. ‘आपापलं उपकरण’ म्हणजे सोसायटीतल्या मुलांचं आपापलं. गावातल्या मुलांचं म्हणजे आईचं. बाबांचा फोन बाबांबरोबर जाणार, दादाचा दादा देणार नाही. उरला आईचा. बुधवारी मांजरीतल्या कितीतरी आया दिवसभर फोनशिवाय असायच्या, कारण त्यांचे फोन माझ्या वर्गात बसलेले असायचे. कोपरे फुटलेले, हळदीचे डाग पडलेले, मागच्या कव्हरात देवाचा फोटो आणि बसचं तिकीट खोचलेले. मी बुरूड आळीतून एक दुरडी आणली होती. शिकवणं चालू असताना सगळे फोन त्या दुरडीत.

आणि ते वाजायचे! अहो, आयांचे फोन ते. कुणाची नणंद, कुणाचा दूधवाला, कुणाची बचत गटातली बाई. नियम असा होता की वर्गात फोन कुणी घ्यायचा नाही, मी कट करायचे. एकदा एक गॅसवाला काही केल्या थांबेना. लागोपाठ रिंग. शेवटी मी उचलला आणि म्हटलं, “मालकीणबाई घरी आहेत. त्यांचा फोन सध्या सातवीत शिकतोय. पास झाला की करा.” वर्ग खदखदून हसला. त्या दिवशी ते वाक्य शाळाभर झालं. मग काय, फोन वाजला की पोरं माझ्याकडेच बघायची — मॅडम आता बोलणार. आणि मॅडम बोलायच्याही. सांगते ना, आवडायला लागलं होतं मला ते. या वयात कुणी आपल्या बोलण्याची वाट बघतंय, याची सवय फार लवकर लागते.

आता सुरेखाताई.

सुरेखाताई म्हणजे माझ्या वर्गातल्या ऋतुजाची आई. गावातल्या, शेतकरी घरातल्या. बारावी सायन्स झालेल्या, आणि बारावीचा निकाल लागायच्या आत लग्न झालेलं. पहिल्या पालकसभेला बाकीच्या आया ‘आमची अभ्यास करत नाही बघा’ हे सांगायला आल्या होत्या, या बाईंनी मला विचारलं की पुस्तकातल्या मुळाच्या आकृतीत एक भाग दाखवलाच नाही, तो मुद्दाम गाळलाय का. मी आकृती बघितली. खरंच नव्हता. तेव्हापासून आमचं जमलं. त्या मला मॅडम म्हणायच्या, मी त्यांना ताई. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बोलायला लागलो की वेळेचं भान नाही. जाताना पिशवीत काकवीची बाटली, नाहीतर शेवग्याच्या शेंगा. नको म्हटलं की म्हणायच्या, “राहू द्या की मॅडम, तुमच्या पेठेत असलं कुठं मिळतंय.” टोमणे मारायला पेठेतलाच जन्म लागतो असं काही नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

त्यांच्या फोनमध्ये काय होतं माहितीये? उसाचे डोळे. म्हणजे कांडीवर जिथून कोंब फुटतो त्याला डोळा म्हणतात. या बाईंनी परसात ट्रेमध्ये उसाचे डोळे लावले होते आणि रोज, एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो काढून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. बघावंसं वाटलं म्हणून. आज डोळा फुगलाय, आज तांबूस टोक आलंय, आज मुळं सुटलीत. ऋतुजाने एका बुधवारी ते सहज दाखवले आणि मी बघतच राहिले. फोटो एकामागून एक सरकवले की ऊस तुमच्यासमोर उगवायचा.

आमच्या त्या भागात एका प्रयोगशाळेत उसाची रोपं तयार करतात. नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. तिथे बायकांना कामावर घेणार होते. पांढरा कोट घालायचा, काचेच्या बाटल्यांत रोपं वाढवायची, नोंदी ठेवायच्या. सुरेखाताईंना मीच सांगितलं की अर्ज करा. त्या आधी नको नको म्हणाल्या, आता कुठं, सगळं विसरले, घरचे काय म्हणतील. मग शाळा सुटल्यावर आम्ही दोघी रिकाम्या वर्गात बसलो आणि त्यांच्याच फोनवरून अर्ज भरला. उसाच्या डोळ्यांचे फोटो जोडायची कल्पना त्यांची. पाठवायचं बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले होते, आणि मी म्हटलं, अहो बघून दाबा, भलतीकडे जायचा. आम्ही शाळकरी मुलींसारख्या हसलो.

इथवर सगळं छान आहे, नाही? इथेच थांबावं असं वाटतंय मला. पण थांबून कसं चालेल.

पुढच्या बुधवारी संस्थेची मंडळी योजना बघायला येणार होती. माझ्याच वर्गावर. मी आठवडाभर तयारी केली. ऋतुजा आईचा फोन पडद्याला जोडून उसाचे फोटो दाखवणार आणि समजावून सांगणार, हा तासाचा मुख्य भाग. आणि आदल्या दिवशी सुरेखाताई शाळेत आल्या. प्रयोगशाळेतून निरोप होता, या एक-दोन दिवसांत निवडलेल्यांना फोन करू, फोन जवळ ठेवा. त्यांनी मला विचारलं की उद्या ऋतुजाकडे फोन नाही दिला तर चालेल का. फार संकोचून विचारलं. जणू माझ्याकडे काही मागतायत.

ते फोटो मला माझ्या फोनवर पाठवून घेता आले असते. दोन मिनिटांचं काम. मला सुचलंही होतं. पण तो ‘डिव्हाइस डे’ होता ना? शेतकऱ्याच्या मुलीने स्वतःच्या हातातला घरचा फोन पडद्याला जोडलाय, हे मंडळींना दिसायला हवं होतं. माझ्या फोनवरून दाखवलं तर त्यात काय मजा? मी म्हटलं, “द्या हो बिनधास्त. फोन आलाच तर मी आहे ना. मी घेते, निरोप घेते, ऋतुजाला तसंच घरी पिटाळते.” त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. माझ्या हातावर हात ठेवून गेल्या.

मी आहे ना. हे माझे शब्द.

तास फार सुंदर चालला होता. मंडळी मागच्या बाकांवर अंग चोरून बसली होती, सर दाराशी उभे. ऋतुजा सुरुवातीला अडखळली, मग रंगात आली. पडद्यावर डोळा फुगत होता. आणि फोटोच्या जागी पडद्यावर मोठ्ठा नंबर आला. रिंग वाजली. अनोळखी नंबर. मुलांत खसखस पिकली. ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. मी तिला खूण केली — कट कर. तिने केला. ती पुढे बोलायला लागली तोच पुन्हा रिंग, तोच नंबर. आता पन्नास तोंडं माझ्याकडे वळली. मागच्या मंडळींपैकी कुणालातरी सरांनी हळूच काहीतरी सांगितलं, बहुतेक माझ्या त्या प्रसिद्ध वाक्याबद्दलच, कारण तेही हसून माझ्याकडे बघायला लागले. मी गेले, ऋतुजाच्या हातातून फोन घेतला आणि उचलला.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आले की मला माहीत नव्हतं. घाईत होते, नंबर अनोळखी होता, कुणीतरी विक्रीवाला असेल असं वाटलं. आज इथे ते खोटं बोलणार नाही. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. त्यांनी सुरेखाताईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. आणि मग आपल्या प्रयोगशाळेचं नाव घेतलं. मी ते ऐकलं. नीट ऐकलं.

पण वाक्य जिभेवर आलं होतं. सगळे वाट बघत होते. ‘एक मिनिट हं’ म्हणून बाहेर जायला किती लागलं असतं? दार चार पावलांवर होतं, सर बाजूला झाले असते. मी गेले नाही. मी म्हटलं, मालकीणबाईंचा फोन सध्या सातवीत शिकतोय, पास झाला की करा. आणि ठेवला. वर्ग कोसळला हसून. मंडळी हसली, सरसुद्धा हसले — मीटिंगमध्ये न हसलेले सर. मला आजही आठवतं, मला किती बरं वाटलं. चुकतंय हे कळत होतं, नाही असं नाही. पण त्याच्यावर ते बरं वाटणं होतं.

तास संपला. मंडळींना माझ्याबरोबर फोटो हवा होता. त्या गडबडीत ऋतुजा माझ्या पदराशी आली आणि हळूच विचारलं, “मॅडम, आईसाठी होता का तो फोन? तिकडचा?” तिला माहीत होतं ना आई कशाची वाट बघतेय ते. आणि मी काय सांगितलं त्या पोरीला? म्हटलं, छे गं, कर्ज हवंय का विचारणारी बाई होती. तिने मान हलवली. तिने विश्वास ठेवला. माझ्यावर न ठेवायचं कारणच काय होतं? मला वाटलं, पाच मिनिटांनी उलट फोन करते, सगळं सरळ करते, मग कशाला उगाच पोरीच्या जिवाला घोर.

फोन माझ्याकडेच ठेवून घेतला. चहा झाला, हारतुरे झाले, सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग मी प्रयोगशाळेच्या, म्हणजे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात गेले आणि सुरेखाताईंच्या फोनवरून तो नंबर लावला. त्याच बाई होत्या. मी नाव सांगितलं नाही, नुसतं म्हटलं सुरेखाताईंच्या वतीने बोलतेय. त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, उद्यापासून काम शिकवायला सुरुवात आहे, थांबता येत नव्हतं, यादीतल्या पुढच्या बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. वर म्हणाल्या की फोन उचलून कुणीतरी थट्टा केली, आम्हाला वाटलं घरच्यांच्या मनात नसेल, उगाच कशाला त्या बाईंना त्रास.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? सोपं आहे हो. ‘ती मी होते. मी शाळेतली शिक्षिका आहे, बाईंचा काही दोष नाही, त्यांना घ्या.’ एवढंच. कदाचित ऐकलं असतं त्यांनी. कदाचित नसतं. ते मला कधीच कळणार नाही, कारण मी म्हटलं, “बरं.” आणि फोन ठेवला.

तिथेच जिन्यात उभी राहून मी ते कॉल पुसले. दोन आलेले, एक केलेला. कसे पुसायचे ते मला मुलांनीच शिकवलं होतं एका बुधवारी — बोट दाबून धरायचं मॅडम, मग डिलीट येतं. माझी बोटं थरथरत नव्हती. थरथरत होती असं सांगायला मला आवडलं असतं. शाळा सुटताना फोन ऋतुजाच्या हातात दिला आणि तिची वेणी सुटली होती ती बांधून दिली.

सुरेखाताई वाट बघत राहिल्या. फोन कमरेला खोचून रानात जायच्या, धुणं धुताना दगडावर समोर ठेवायच्या. पुढच्या बुधवारी ऋतुजा फोनशिवाय आली, आईने सांगितलंय म्हणाली. त्याच्या पुढच्या बुधवारीही. मग एका बुधवारी फोन परत दुरडीत आला. शाळा सुटल्यावर सुरेखाताई भेटल्या तेव्हा रागावल्या नव्हत्या, हेच वाईट. हसून म्हणाल्या, “त्यांनी फोन तरी करायचा होता की मॅडम. न्हाई म्हणायला तरी.” मी म्हटलं दुसरीकडे अर्ज करू. म्हणाल्या, नको, एकदा बघितलं, बास. आपली बारावी जुनी झाली. आपल्याला कशाला कोण फोन करतंय?

त्या दिवशी त्यांनी मला काकवी दिली. मी घेतली. घरी आणली, ह्यांनी पोळीबरोबर खाल्ली आणि वा वा म्हणाले.

त्यानंतर मी ते वाक्य वर्गात कधी म्हटलं नाही. फोन वाजला की मुलं बघायची, मी फळ्याकडे वळायचे. मुलं हळूहळू बघायची थांबली. याला प्रायश्चित्त म्हणू नका. प्रायश्चित्त कुठे आलं त्यात? एक विनोद बंद केला, एवढंच. त्या वर्षी योजनेचं काम उत्तम केल्याबद्दल संस्थेने माझा सत्कारही केला. सुरेखाताई टाळ्या वाजवायला आल्या होत्या, पहिल्या रांगेत.

आणि आमचं प्रेम कमी झालं म्हणाल तर तेही नाही. मीच थोडी जास्त गोड वागते, हे त्यांच्या लक्षात आलं असेल का? हळदीकुंकवाला मला हटकून बोलावतात. सासूबाईंना सांगतात, माझ्यासाठी अर्ज भरायला बसलेल्या त्या ह्याच मॅडम, इतकं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. सासूबाई माझ्या पायाला हात लावू बघतात, मी मागे सरते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मांजरीहून दोन बस बदलून डबा घेऊन आल्या, भाकरी आणि हुलग्याचं माडगं, आणि ह्यांना स्वयंपाकघरात काय कुठे आहे यावरून झाडून गेल्या. ह्यांना फार आवडल्या. म्हणाले, ही बाई कुठेतरी मोठ्या जागी असायला हवी होती. मी कुशीवर वळले.

ऋतुजा आता दहावीत आहे. हुशार आहे, आईसारखीच बघत बसते. परवा दोघी मायलेकी शाळेत आल्या होत्या. शहरातल्या एका विज्ञान शिबिरासाठी ऋतुजाने नाव पाठवलंय, निवड झाली की कळवणार आहेत. पोरगी सारखा फोन काढून बघत होती. आता तिच्याकडे तिचा स्वतःचा आहे. मी काहीतरी धीर द्यायला तोंड उघडणार, तोच सुरेखाताईंनी तिच्या हातातला फोन हलकेच पालथा केला. अगदी मायेने. म्हणाल्या, “बघत नको बसू सारखी. मी बसले होते, मॅडमला विचार. आपल्यासारख्यांना न्हाई करत कोण फोन.” ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणेन म्हणून बघितलं असेल. मग मान हलवली आणि फोन दप्तरात टाकला.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, चहा घेणार का.

एक गोष्ट मी तुम्हालाही अजून सांगितली नव्हती. जिन्यात मी ‘बरं’ म्हटलं, त्याच्या आधी त्या बाई आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. ‘आमच्या मोठ्या मॅडमनी त्यांचे ते उसाचे फोटो बघितले, म्हणाल्या, बाकीच्यांचं राहू दे, आधी या बाईंना फोन करा.’

हे वाक्य सुरेखाताईंसाठी होतं. ऐकलं मी. आणि त्यांना अजून सांगितलेलं नाही.